मोटारीतले गाणे आणि मोटारीतला धूर



या सदरात आम्ही घरखर्चाच्या हिशेबाविषयी, विहिरीच्या पाण्याविषयी आणि वृद्धांच्या औषधांविषयी वेळोवेळी लिहीत आलो. आजचा विषय पाहून मात्र काहींच्या भुवया उंचावतील. मोटारीत गाणी वाजविणाऱ्या यंत्रास वीज कशी पुरवावी, हा का एखाद्या फादरने लिहिण्याचा विषय? सेमिनरीत आम्ही तर्कशास्त्र शिकलो, वायरिंग शिकलो नाही, हे आम्ही प्रथमच कबूल करतो. परंतु ज्या गोष्टीपायी आमच्या डोळ्यांदेखत सहा माणसे भाजता भाजता वाचली, तिच्याविषयी मौन धरणे आम्हांस योग्य वाटत नाही. शिवाय त्या प्रसंगात आमच्याही पदरी थोडा दोष आहे. तो पुढे येईलच.

नोव्हेंबर सरता सरता बेळगावहून जुन्या गोव्यास पायी जाणाऱ्या भाविकांचे जथे वाचकांनी पाहिले असतील. ३ डिसेंबर हा संत फ्रान्सिस झेवियर यांचा सण, आणि त्याच्या नोव्हेनास २४ नोव्हेंबरला आरंभ होतो. गेल्या खेपेस आमचाही एक लहानसा जथा जांबोटी, कणकुंबी, चोर्ला या वाटेने निघाला होता. सामान आणि थकलेली माणसे घेण्यासाठी सोबत एक आठ आसनी गाडी होती. गाडीचा मालक आमच्याच पॅरिशमधील पंचविशीतला तरुण. एरवी तो लग्नाची वऱ्हाडे आणि गोव्याचे प्रवासी यांवर पोट भरतो. दोन महिन्यांपूर्वी त्याने कर्ज काढून गाडीत मोठी ध्वनियंत्रणा बसविली होती. मागच्या आसनाखाली ४०० वॅटचा अँप्लिफायर, दारांत नवे स्पीकर आणि शेवटी एक भलामोठा पेटारा. गाडी आमच्या मागून पावलापावलाने येत होती आणि तिच्यातून भक्तिगीते ऐकू येत होती. "आवाज जरा वाढव रे, मागच्यांस ऐकू येत नाही," असे सकाळी त्यास आम्हीच म्हटले. आमचा दोष तो हाच.

दुपारी जेवणासाठी तळ पडला. इंजिन बंद होते, गाणी चालूच होती. दीड तासाने किल्ली फिरविली तो गाडी नुसती कण्हली. शेवटी दहा जणांनी धक्का मारून ती सुरू केली. तो इशारा होता, पण आम्ही तो हसण्यावारी नेला. सायंकाळी घाट उतरताना आम्ही दोन वृद्ध आजीबाई, पायास फोड आलेली एक मुलगी आणि तिची आई यांच्यासह गाडीत बसलो होतो. रबर जळाल्याचा वास आला आणि पाठोपाठ डॅशबोर्डाखालून धूर निघाला. तरुणाने गाडी कडेस घेऊन किल्ली काढली. इंजिन थांबले, धूर मात्र थांबेना. उलट वाढतच गेला. आजीबाईंना उतरविताना आमचे हात कापत होते. किल्ली तर त्या पोराच्या हातात होती, मग आग पेटत होती कशाच्या जोरावर?

जथ्यात बस आगारातून निवृत्त झालेले एक मिस्त्री होते. सारे त्यांस मिस्त्रीमामा म्हणतात. ज्वाळा नाही, नुसता धूर आहे, हे त्यांनी आधी नीट पाहून घेतले. मग बॉनेट उघडून, हातास पंचा गुंडाळून, पान्ह्याने बॅटरीची ऋण टोकाकडील पकड सोडविली. क्षणार्धात धूर ओसरला. पत्र्याच्या एका भोकातून गेलेली लाल तार मामांनी आम्हांस दाखविली. तिचे प्लास्टिक त्या भोकाच्या धारेने कापले गेले होते आणि आतील धातू गाडीच्या अंगास टेकून लालभडक झाला होता.

घरी परतल्यावर तरुणाच्या वडिलांनी फर्मान काढले: "ते यंत्र उद्याच्या उद्या काढून टाक." मुलगा म्हणाला, "बाबा, त्याचे हप्ते अजून बावीस महिने आहेत. गाणी नसतील तर वऱ्हाडवाले दुसरी गाडी बघतात." दोघेही खोटे बोलत नव्हते. निवाडा आमच्याकडे आला, आणि आम्ही तो मिस्त्रीमामांकडे सोपविला. दोन शनिवार आम्ही मामांच्या अंगणात त्या तरुणासह बसलो. तेथे जे शिकलो ते पुढे देत आहोत.

थोडे पूर्वीचे सांगू. मोटारीत नभोवाणी बसविण्याची कल्पना जुनी आहे. अमेरिकेत १९३० साली गॅल्व्हिन बंधूंच्या कारखान्याने मोटारीचा रेडिओ विक्रीस आणला आणि त्यास मोटोरोला असे नाव दिले. त्या काळच्या यंत्रांत काचेच्या व्हॉल्व्ह असत. त्यांस लागणारा उच्च विद्युद्दाब मोटारीच्या बॅटरीतून थेट मिळत नसे, म्हणून निराळ्या बॅटऱ्या बाळगाव्या लागत. १९५५ साली क्रायस्लर मोटारींत केवळ ट्रान्झिस्टरवर चालणारा रेडिओ आला आणि विजेची भूक एकदम घटली. आमच्या वडीलधाऱ्यांनी फियाट वा अँबेसेडर गाडीत ज्या रेडिओवर विविधभारती ऐकली, त्यास काही वॅट पुरत. ती भूक आता पुन्हा वाढली आहे. काही वॅटची जागा काही शेकड्यांनी घेतली, आणि गाडीचे मूळ वायरिंग मात्र जुन्या भुकेच्या मापाने घातलेले असते. साऱ्या अडचणींचे मूळ येथे आहे.

हिशेब आधी, खरेदी मागाहून

मामांनी प्रथम पाटी आणि खडू मागविला. विजेची शक्ती वॅटमध्ये मोजतात. विद्युद्दाबास, म्हणजे व्होल्टास, प्रवाहाने, म्हणजे अँपिअरने, गुणले की वॅट येतात. घरात सुमारे २३० व्होल्टांचा दाब असतो. मोटारीत इंजिन चालू असता तो केवळ १४ च्या आसपास. दाब कमी म्हणून तेवढ्याच कामास प्रवाह कितीतरी पट अधिक लागतो.

तरुणाचा अँप्लिफायर जुन्या धाटणीचा, ज्यास बाजारात एबी वर्गाचा म्हणतात, तसा होता. असे यंत्र घेतलेल्या विजेपैकी निम्म्याहून थोडीच अधिक आवाजात उतरविते. बाकीची उष्णता होऊन जाते. तेव्हा ४०० वॅट द्यावयाचे तर सुमारे ७२५ वॅट घ्यावे लागणार. त्यास साडेतेराने भागले की जवळजवळ ५४ अँपिअर होतात. डी वर्गाचा अँप्लिफायर असता, जो घेतल्यातले शेकडा ८० वा अधिक परत देतो, तर तेच काम ३७ अँपिअरात भागले असते. "खोक्यावर छापलेले आकडे बघू नकोस," मामा म्हणाले. "दोन हजार वॅट असे ठळक छापतात आणि फ्यूज असतो तीस अँपिअरचा. तीस गुणिले चौदा किती?" तरुणाने उत्तर दिले, "चारशे वीस." "मग दोन हजार आकाशातून येणार काय?" अखंड आवाजाचे जे माप आरएमएस या नावाने देतात, तेवढेच जमेस धरावे.

गाणे म्हणजे अखंड भोंगा नव्हे, त्यात उतारचढाव असतात. सबब सरासरी प्रवाह या कमाल आकड्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा वा त्याहूनही कमी असतो. तथापि तार आणि फ्यूज यांचे माप कमाल आकड्यावरूनच ठरवावे.

तारेचे पोट

जुनी लाल तार बोटाएवढी जाड दिसत होती. मामांनी ती चाकूने कापली तेव्हा दिसले की जाडी बहुतेक प्लास्टिकचीच होती, आत धातू जेमतेम चार चौरस मिलिमीटर. शिवाय एक तंतू पात्याने खरवडताच तांबूस कातडीखालून पांढुरका रंग निघाला. ते शुद्ध तांबे नव्हते; अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेला होता. अशी तार शुद्ध तांब्याच्या सुमारे दोनतृतीयांशच वीज वाहते. ती वापरूच नये असे नाही, पण तांब्याची समजून वापरू नये. वापरायचीच तर दीडपटीहून अधिक जाड घ्यावी.

आता हिशेब पाहा. चार चौरस मिलिमीटरची शुद्ध तांब्याची पाच मीटर तार घेतली आणि तिच्यातून ५० अँपिअर नेले, तर वाटेतच एक व्होल्टाहून थोडा अधिक दाब खर्च होतो आणि तार ५४ वॅटने तापते. दोन सोल्डरिंगचे आयर्न गालिच्याखाली दडवून ठेवावेत तसे हे झाले. तेच तारेचे पोट १६ चौरस मिलिमीटर असले तर दाबाची घट पाव व्होल्टाच्या आसपास येते आणि उष्णता तेरा-चौदा वॅट, तीही पाच मीटरांवर विभागलेली. मुलामा दिलेल्या तारेत तर हे नुकसान आणखी वाढते.

दाब घटला की अँप्लिफायर अधिक तापतो, आवाज फाटतो आणि मालक आवाज आणखी वाढवितो. फाटलेला आवाज स्पीकरही जाळतो. तेव्हा स्वस्त तारेची किंमत शेवटी महाग यंत्र चुकविते.

वाटेवरचा पहारेकरी

यानंतर मामा मुख्य गोष्टीकडे वळले. "फ्यूज कुठे होता?" त्यांनी विचारले. तरुण म्हणाला, "अँपला त्याचा स्वतःचा आहे की, मामा. बॅटरीपाशी फ्यूज लावला तर आवाज दबतो, असे बसविणाऱ्याने सांगितले."

मामा हसले नाहीत. ते म्हणाले, "अँपचा फ्यूज म्हणजे अँपच्या दारातला पहारेकरी. चोर वाटेतच शिरला तर त्यास काय कळणार? बॅटरीजवळचा फ्यूज हा तारेचा पहारेकरी. तो यंत्रासाठी नसतो, तारेसाठी असतो."

वाचकांनी हे वाक्य मनात कोरून ठेवावे. घाटात झाले ते असे: तार बॅटरीहून थेट निघाली होती, किल्लीच्या कुलपातून गेलीच नव्हती. म्हणून किल्ली काढूनही तिच्यातील वीज जिवंत राहिली. ती पत्र्यास टेकताच बॅटरीतून शेकडो अँपिअर वाहू लागले, आणि वाटेत तोडणारे कोणी नव्हते. अँप्लिफायरचा फ्यूज शेवटच्या टोकास शाबूत बसून होता. त्याच्यापर्यंत प्रवाह पोहोचलाच नाही.

नियम असा आहे: बॅटरीच्या धन टोकापासून तारेवर ४५ सेंटिमीटरांच्या आत, आणि जमेल तितका त्याहूनही जवळ, फ्यूज असावा. फ्यूजच्या अलीकडचा तुकडा बिनराखणीचा राहतो, म्हणून तो आखूड ठेवावा. फ्यूजचे माप तारेस झेपेल त्याहून अधिक कधीही नसावे. तरुणाच्या गाडीत १६ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेवर ६० अँपिअरचा फ्यूज बसला. त्यात खर्च होणारा दाब इतका नगण्य की आवाज दबतो ही निव्वळ अफवा ठरली.

फ्यूज वितळला म्हणून त्याजागी मोठा बसविणे, वा सिगारेटच्या पाकिटातील चांदी गुंडाळून काम भागविणे, हा आपल्याकडील जुना अविचार आहे. वितळलेला फ्यूज म्हणजे आलेला निरोप. तो घेऊन येणाऱ्याचा गळा दाबून काय साधणार? निरोप वाचावा, कारण शोधावे, आणि मगच त्याच मापाचा नवा फ्यूज घालावा.

भोक, गंज आणि परतीची वाट

इंजिन आणि बैठक यांमधील पत्र्यातून तार नेताना भोकात रबरी कडे बसविलेच पाहिजे. पत्र्याची धार सुरीसारखी असते, आणि गाडीचा प्रत्येक हादरा त्या सुरीस एक ओढ देतो. दोन महिन्यांत आमच्या घाटातील तार कापली गेली. मामांनी नवी तार रबरी कड्यातून नेली, वर नळीचे आवरण घातले आणि दर वीतभर अंतरावर ती बांधून टाकली. पायघड्यांखाली, आसनाच्या सरकत्या रुळांजवळ, वा तापणाऱ्या नळीशेजारी तार जाता कामा नये.

वीज जाते तितकीच परत येते, हे आपण विसरतो. परतीची वाट म्हणजे गाडीचे पोलादी अंग. तरुणाच्या गाडीत काळी तार रंगाच्या थरावर एका पत्र्याच्या स्क्रूने अडकविली होती. रंग हा विजेचा शत्रू. मामांनी तेथला रंग खरवडून चकचकीत पोलाद उघडे केले, जाड बोल्ट घालून तार घट्ट आवळली आणि वर गंजरोधक लावला. काळी तारही लाल तारेइतकीच जाड आणि शक्य तितकी आखूड असावी. "जत्रेला जाण्याची वाट रुंद आणि येण्याची बोळ असेल," मामा म्हणाले, "तर गर्दी तुंबणारच." तारेच्या टोकांस पीळ घालून चिकटपट्टी लावणे पुरे नाही. तांब्याची थिंबले हत्याराने दाबून बसवावीत. सैल सांधा तापतो, तापलेला सांधा आणखी सैल होतो.

गाणे पोहोचविणारी बारीक तार लाल तारेच्या शेजारून नेऊ नये. ती गाडीच्या दुसऱ्या बाजूने न्यावी. इंजिनाच्या वेगाबरोबर चढणारी जी बारीक शिट्टी स्पीकरांतून ऐकू येते, तिचे कारण बहुधा हे शेजारपण असते, अथवा परतीच्या वाटेतील दोष.

कणगी आणि शेत

दुपारी गाडी का बंद पडली, हा प्रश्न उरला होता. मामांनी एक सुंदर दृष्टान्त दिला: बॅटरी ही कणगी आहे, अल्टरनेटर हे शेत आहे. कणगीत धान्य पिकत नाही. मोठी कणगी आणली म्हणून पीक वाढत नाही; दुष्काळ थोडा उशिरा कळतो इतकेच.

गाडीच्या अल्टरनेटरवर ७५ अँपिअर लिहिले होते. पण ते पूर्ण पीक इंजिन वेगात असतानाचे. पावलापावलाने चालणाऱ्या गाडीत त्याचे निम्मे मिळाले तरी पुष्कळ. त्यातून दिवे, पंखा आणि इंजिनाची स्वतःची विजेची गरज वजा जाता अँप्लिफायरच्या वाट्यास थोडेच उरले. सकाळभर आमच्या आज्ञेवरून वाढविलेला आवाज कणगीतून काढून खात होता. मग दीड तास इंजिन बंद ठेवून गाणी चालली. सरासरी १५ अँपिअर धरले तर ४५ अँपिअर-तासांच्या बॅटरीचा निम्मा साठा तेवढ्याच वेळात संपतो. मोटारीची साधी बॅटरी इंजिनास क्षणभर मोठा झटका देण्यासाठी घडविलेली असते. ती वारंवार रिकामी केली तर तिचे आयुष्य झपाट्याने घटते.

आणखी एक दोष सापडला. रेडिओ चालू झाला म्हणजेच अँप्लिफायर जागा व्हावा, यासाठी रेडिओकडून एक बारीक निळी तार यावी लागते. बसविणाऱ्याने आळस करून ती तार थेट धन टोकास जोडली होती. त्यामुळे यंत्र रात्रंदिवस जागेच होते आणि गाणी बंद असतानाही सुमारे एक अँपिअर पीत होते. दहा तासांची रात्र म्हणजे दहा अँपिअर-तास उणे. गाडी उभी असता, सारे काही बंद असताना, गळती साधारणपणे अँपिअरच्या विसाव्या भागापलीकडे जाऊ नये.

बॅटरीचे आरोग्य कळण्यास काही शेकडा रुपयांचा मल्टीमीटर पुरतो. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर १२.६ व्होल्ट दाखविले तर शिसे-आम्लाची बॅटरी भरलेली आहे. १२.२ म्हणजे निम्मी, १२ च्या खाली म्हणजे संकट. इंजिन चालू असता १३.८ ते १४.४ च्या दरम्यान आकडा दिसावा. काही नव्या गाड्यांत संगणक अल्टरनेटरचा दाब मुद्दाम कमीजास्त करितो. तेथे गाडीच्या पुस्तिकेचा आधार घ्यावा.

बाजारात कपॅसिटर नावाचा एक चकाकता डबा मिळतो. एक फॅरडच्या डब्याने सारे दोष जातात असे दुकानदार सांगतात. मामांच्या पाटीवरील हिशेब असा: १४ व्होल्टांपासून १२ व्होल्टांपर्यंत उतरताना तो डबा जेवढी शक्ती देतो, तीवर ५०० वॅटचे यंत्र सेकंदाच्या विसाव्या भागापुरते चालते. ढोलाच्या एका ठोक्यास ती मूठभर मदत खरी. पण मुठीने दुष्काळ हटत नाही. आधी तार, मग परतीची वाट, मग बॅटरीची प्रकृती, मग अल्टरनेटर, आणि या साऱ्यांनंतर उरलेच पैसे तर तो डबा.

हात घालण्यापूर्वी

स्वतः काम करणाऱ्या तरुण वाचकांस काही सूचना. बॅटरी सोडविताना ऋण टोक प्रथम सोडवावे आणि जोडताना ते शेवटी जोडावे. ऋण टोक जोडलेले असताना धन टोकावरील पान्हा चुकून पत्र्यास लागला, तर क्षणात ठिणग्यांचा भडका उडतो. चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो, म्हणून जवळ विडीकाडी नको. आतील द्रव गंधकाम्ल आहे. बोटांतील अंगठी आणि हातातील कडे काढून ठेवावे. प्रवाशांच्या बैठकीत दुसरी बॅटरी ठेवायची झाल्यास ती बंदिस्त जातीचीच असावी आणि घट्ट बांधावी. खांबांतून आणि आसनांखालून जाणाऱ्या पिवळ्या आवरणाच्या वा पिवळ्या जोडणीच्या तारा बहुधा एअरबॅगच्या असतात. त्यांस स्पर्श करू नये. विजेवर चालणाऱ्या आणि हायब्रिड गाड्यांतील नारिंगी तारांत प्राणघातक दाब असतो, त्यांपासून दूर राहावे. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवून आवाजाची परीक्षा घेऊ नये. त्या धुरातील कार्बन मोनॉक्साइडास वास नाही, आणि तो माणसास झोपेतच नेतो.

आणि धूर निघालाच तर? गाडी कडेस घ्या, इंजिन बंद करा, सर्वांना उतरवून दूर न्या. सामानासाठी मागे फिरू नका. ज्वाळा दिसत असतील तर बॉनेट उघडू नका, कारण आत शिरलेली हवा आग भडकविते. ११२ या क्रमांकावर कळवा. कोरड्या पावडरीचे लहान अग्निशामक गाडीत हाताशी असावे, सामानाच्या तळाशी नसावे.

दुसऱ्या शनिवारी सायंकाळी काम संपले. पूर्वी आवाज वाढविताच बॅटरीवर १२.६ आणि अँप्लिफायरच्या टोकांवर ११.३ व्होल्ट दिसत. आता इंजिन थोडे वेगात ठेवून पाहिले तर बॅटरीवर १३.७ आणि अँप्लिफायरवर १३.४. तरुणाने अर्ध्यावरच आवाज थांबविला आणि म्हणाला, "फादर, आता एवढ्यातच पूर्वीपेक्षा स्वच्छ ऐकू येते." आम्ही म्हटले, "बाळा, तर मग एवढाच असू दे." डॅशबोर्डावर त्याने व्होल्टांचा लहानसा आकडा लावून घेतला आहे. इंजिन बंद असता तो १२.२ वर आला की गाणे बंद, हा नियम त्याने वडिलांच्या समोर मान्य केला. पायी जथ्यामागे चालताना आवाज मंद ठेवावा, हा नियम आमच्यासाठी आहे आणि तो आम्ही पाळू. रात्री दहा ते सकाळी सहा यांमध्ये वस्तीत ध्वनिवर्धक वाजवू नये, हे तर २००० सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांनीच सांगितले आहे.

वडील बराच वेळ अंगणाच्या कडेस उभे होते. त्यांनी येऊन बॉनेटमध्ये डोकावून पाहिले आणि फ्यूजवर बोट ठेवून विचारले, "हाच का तो?" मुलाने मान हलविली. "केवढ्याला पडला?" मुलाने किंमत सांगितली. गाडीतील एका स्पीकरच्या जाळीएवढीही ती नव्हती. वडील काही न बोलता मागच्या आसनावर जाऊन बसले आणि थोड्या वेळाने म्हणाले, "लाव बघू काहीतरी. हळू लाव."

गाडीत बसणारा स्पीकर पाहतो, दिवे पाहतो, आवाजाची वाहवा करतो. पत्र्यामागील रबरी कडे, रंग खरवडून आवळलेला बोल्ट आणि बॅटरीशेजारचा चिमुकला फ्यूज यांस कोणी पाहत नाही. परंतु आजीबाई आणि लहान मुली ज्या भरवशावर गाडीत पाय ठेवतात, तो भरवसा त्या न दिसणाऱ्या वस्तूंवरच उभा असतो. ज्यांच्या गाडीत बाहेरून बसविलेली ध्वनियंत्रणा असेल, त्यांनी येत्या रविवारी बॉनेट उघडून एकच गोष्ट पाहावी: बॅटरीपासून निघालेल्या लाल तारेवर वीत-दोन वितींच्या आत फ्यूज आहे की नाही. नसेल, तर तो बसेपर्यंत ती तार बॅटरीपासून सोडवून ठेवावी. तेवढे दिवस गाण्याविना जातील. त्याने कोणाचे काही बिघडणार नाही.

पुढील अंकी घरातील अर्थिंगविषयी लिहिण्याचा आमचा मानस आहे. मिस्त्रीमामांनी पाटी पुसून ठेवली आहे.